पहिलीचं मूल दसऱ्यापर्यंत कुठवर यावं?

गणपती गेले, घटस्थापना जवळ आली की पहिलीच्या पालकांच्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये ‘रडतो’, ‘डबा खात नाही’ असं असतं. आता ‘वाचत नाही’, ‘उलटं लिहितो’ सुरू होतं. या वेळची पत्रं कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतली आहेत.

प्रश्न : मुलगा मराठीचा धडा धडाधड म्हणतो, पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की गप्प. बाईंना विचारलं तर ‘येईल हळूहळू’ म्हणतात. थांबावं का? (राजारामपुरी)

उत्तर : थांबू नका आणि रागावूही नका. त्याला धडा पाठ आहे, वाचन अजून सुरू व्हायचं आहे. खात्री करायची तर धडा शेवटच्या शब्दापासून मागे वाचायला सांगा. दुसरी खूण अधिक पक्की : ‘मगर’ वाचणाऱ्यासमोर ‘गरम’ लिहा. अक्षरं तीच, जागा बदललेल्या. तो अडला, तर त्याने मगर हे चित्र म्हणून लक्षात ठेवली आहे. मग जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापून एकेकावर एकच अक्षर लिहा आणि रोज पाच-सहा शब्द जुळवून घ्या, दहा मिनिटं. आधी गवत, कमळ, बदक असे बिनकान्याचे शब्द; मग चाक, गाव, मामा.

काना सोपा जातो, कारण तो ऐकू येतो त्याच क्रमाने लिहिला जातो. खरी अडचण पहिल्या वेलांटीची. ‘दि’ म्हणताना आधी द् ऐकू येतो आणि मग इ, पण कागदावर वेलांटी द च्या डावीकडे. मुलाचा हात कानाला ऐकू येईल त्या क्रमाने चालतो : द लिहितो, मग वेलांटी काढतो, मग व. ‘दिवस’चं ‘दविस’ होतं ते असं. त्याने ऐकलेलं बरोबर आहे, जागा चुकली आहे. म्हणून आधी डावीकडे बोटभर जागा सोडून द लिहू द्या, मग मागे येऊन दांडी आणि वरची कमान. प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायचं, “द ला पहिली वेलांटी, दि.” दुसरी वेलांटी उजवीकडेच असल्याने तिथे असा गोंधळ होत नाही.

शिरोरेषेकडेही लक्ष असू द्या. मुलं शब्द लिहून वर एक सलग रेघ मारतात. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ तुटते. ती सलग ओढली की भ चा म, ध चा घ आणि थ चा य वाटतो. ‘भात’चा ‘मात’ होतो आणि आपण मुलाला अक्षरच येत नाही म्हणून बसतो.

प्रश्न : मुलगी पंचवीस सांगितलं की ५२ लिहिते. बेरीज-वजाबाकीत उत्तर नेहमी एकाने चुकतं. (गडहिंग्लज)

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. ती ऐकलं तसं लिहिते. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडा, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. पंचवीस म्हटलं की दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुटे उजवीकडे, आणि मगच अंक लिहायचे. चिंचोके मोजायला चांगले, पण गठ्ठा बांधता येत नाही, म्हणून इथे हीरच हवेत. एकोणतीसला दोन गठ्ठे आणि नऊ सुटे मांडा, आणखी एक हीर टाकून तिसरा गठ्ठा बांधा. ‘तिसाला एक कमी’ तिला डोळ्यांनी दिसेल. नाहीतर तीस ऐकून ती ३९ लिहिते. आमच्या मते दसऱ्यापर्यंत २० पर्यंतच्या संख्या पक्क्या झाल्या तरी पुष्कळ. निपुण भारत अभियानातसुद्धा ९९ पर्यंतचं वाचन-लेखन पहिलीच्या वर्षाअखेरीस अपेक्षित आहे.

एकाने चुकण्याचं कारण मोजण्याच्या सुरुवातीत आहे. ७ + ३ करताना ती ‘सात, आठ, नऊ’ मोजते आणि नऊवर थांबते. सातची मूठ मिटवून बाजूला ठेवायची आणि पहिल्या बोटाला ‘आठ’ म्हणायचं. वजाबाकीतही तसंच : ९ − ३ ला पहिलं बोट ‘आठ’.

प्रश्न : इंग्रजीतला बी आणि डी सतत उलटा होतो. (कसबा बावडा)

उत्तर : या वयात होतंच. दोन्ही एका दिवशी शिकवू नका. आठवडाभर फक्त बी : आधी उभी रेघ, मग उजवीकडे पोट. तो हाताला बसल्यावर डी : आधी पोट, मग रेघ.

प्रश्न : शाळेत ‘बी रुजताना पाहा’ असं सांगितलंय. घरचा घट चालेल का? (शिरोळ)

उत्तर : देव्हाऱ्यातला घट हलवू नका, धान्य मात्र तेच घ्या. खाली भोक पाडलेल्या दोन करवंट्यांत दोन बोटं माती भरा, रात्रभर भिजवलेले गव्हाचे दहा-दहा दाणे पेरा. एक करवंटी खिडकीत, एक बंद कपाटात. रोज दोन चमचे पाणी. जास्त घातलं की मातीतली हवा जाते, दाणे कुजतात आणि वास येतो; परतीच्या पावसात हवा दमट असते तेव्हा माती ओली दिसली तर त्या दिवशी पाणी नकोच.

कोंब वर आले की रोज त्यांच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून वहीत शेजारी-शेजारी चिकटवायची. लहान-मोठं, कमी-जास्त, वार, तारीख : भाषा आणि गणित दोन्ही त्यातच आलं. कपाटातले कोंब उंच पण पिवळे निघतील. उजेडाशिवाय हिरवा रंग तयार होत नाही आणि उजेड शोधत देठ लांबत जातो. मुलाला आधी विचारा, ‘कोणता बरा?’ उंच तो बरा, असंच पहिल्यांदा उत्तर येईल. त्यावर लगेच दुरुस्ती करू नका. दोन्ही करवंट्या शेजारी ठेवून पुन्हा बघू द्या.

प्रश्न : शाळा गृहपाठच देत नाही. शिकवणी लावावी का? (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : नको. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा असंच आहे. शिवाय एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराने लहान-मोठी मुलं असतात, तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. मात्र मूल पुस्तक नाकाशी धरत असेल, फळ्यावरचं चुकीचं उतरवून वहीतलं बरोबर लिहीत असेल, तर दिवाळीची वाट न पाहता डोळे तपासून घ्या.