नाणी घ्यावीत का हे विचारलंत, हप्ता कुठून भरणार ते नाही

भांडुपहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वीस वर्षं हवाई दलात काढून सार्जंट म्हणून निवृत्त झाले, आज वय 41. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य इथे देतो.

"8 ऑक्टोबर 2032 ला भारतीय हवाई दलाला शंभर वर्षं होतील. फोर्टातले एक नाण्यांचे व्यापारी म्हणतात की शताब्दीचं चांदीचं नाणं निघणारच आणि तेव्हा सैन्याशी संबंधित सगळ्या नाण्यांचे भाव दुप्पट होतील. ते आज चांदीची 25 स्मारक नाणी प्रत्येकी 10,000 रुपयांना देत आहेत, सोबत शताब्दीच्या नाण्याचं बुकिंग. एफडीतले अडीच लाख मोडून घ्यावीत का? पैसा वाढेल आणि दलाचा मानही राहील. बाकी चिंता नाही. बँकेच्या पेन्शन स्कीममध्ये वर्षाला 3 लाख भरतो. दोन भरले, तिसरा दोन महिन्यांनी आहे."

पुढे त्यांनी घरचा हिशेब दिला आहे. पेन्शन 26,000, पवईतल्या कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षकाचा पगार 32,000, खर्च महिन्याला 46,000. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. राहायला वडिलांची खोली, कर्ज नाही. निवृत्तीच्या पैशातली 9 लाखांची एफडी उरली आहे.

सार्जंटसाहेब, नाण्यांचं उत्तर नाही असंच आहे आणि ते का, ते सांगतो. पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी थांबलो. "बाकी चिंता नाही" असं तुम्ही ज्या ओळीच्या आधी लिहिलंत, खरी चिंता त्याच ओळीत आहे.

आधी नाणी. स्मारक नाणी केंद्र सरकार काढतं. अर्थ मंत्रालयाची अधिसूचना राजपत्रात येते. धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचं चित्र त्यात ठरतं आणि मग टांकसाळ ती पाडते. देशात अशा टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा. मुंबईची तर तुमच्या व्यापाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शहीद भगतसिंग रोडवर रिझर्व्ह बँकेसमोर आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं 1964 साली नेहरूंवर निघालं. सैन्याशी जोडलेली नाणीही निघाली आहेत: 1965 च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचं 5 रुपयांचं नाणं 2015 मध्ये, एनसीसीच्या 75 वर्षांचं 75 रुपयांचं नाणं जानेवारी 2023 मध्ये. 2032 मध्ये हवाई दलाचंही निघेल, असं मलाही वाटतं. पण आज ते नाणं अस्तित्वात नाही. जे नाणं सरकारने जाहीर केलं नाही, त्याचं बुकिंग एखादा दुकानदार घेतो, याचा अर्थ तो तुमच्याकडून बिनव्याजी उसने पैसे घेतो आहे.

आता दर. 2023 मध्ये नव्या संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं निघालं. वजन 35 ग्रॅम, त्यात 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. गेल्या काही वर्षांतल्या 75, 100 रुपयांच्या पुष्कळ नाण्यांची घडण अशीच आहे. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून हिशेबापुरता ग्रॅमला 200 रुपये धरू. नाण्यातली चांदी झाली 3,500 रुपयांची. तुम्ही देणार 10,000. पंचवीस नाण्यांत चांदी 87,500 रुपयांची, तुमचे गेले अडीच लाख. नुसत्या धातूवर मुद्दल सुटायचं तर चांदी जवळजवळ तिप्पट व्हायला हवी. तेही सराफाने पूर्ण भाव दिला तर. निम्म्या चांदीचा माल तो आटणी आणि घट कापूनच घेतो, काही जण हातही लावत नाहीत.

उरलेले साडेसहा हजार कशाचे? दुर्मीळपणाचे, असं व्यापारी सांगेल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुनी नाणी दुर्मीळ होतात, कारण ती लोकांनी वापरली, झिजवली, हरवली, वितळवली. हजारांतलं एखादं चांगल्या स्थितीत उरतं आणि त्याला किंमत येते. स्मारक नाणं डबीतून येतं आणि डबीतच राहतं. घेणारा प्रत्येकजण ते जपतो. चाळीस वर्षांनीही जवळजवळ सगळी जिवंत असतील. अमेरिकेने 2005 मध्ये आपल्या मरीन कोअर या सैन्यदलाच्या 230 व्या वर्धापनदिनाचा चांदीचा डॉलर काढला तेव्हा मागणी एवढी आली की 5 लाखांची मर्यादा 6 लाखांवर न्यावी लागली. लोकांचं प्रेम खरं होतं. पण सहा लाख घरांत जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी म्हणायची?

त्या डॉलरबद्दल आणखी एक. त्याच्या किमतीत 10 डॉलरचा अधिभार होता आणि तो कायद्याने मरीन कोअरच्या वारसा प्रतिष्ठानाकडे जायचा. म्हणजे नाणं घेणाऱ्याचे काही पैसे खरोखर दलापर्यंत पोचत. तुम्ही फोर्टात दिलेल्या 10,000 पैकी हवाई दलाकडे काहीच जात नाही. दलासाठी काही करायचं मनात असेल तर 7 डिसेंबरचा ध्वजदिन निधी आहे, 1962 पासूनचा राष्ट्रीय संरक्षण निधी आहे. तिथला रुपया जवानांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कामी येतो.

वीस वर्षं अंगावर निळा गणवेश घातलेल्या माणसाच्या घरी शताब्दीचं नाणं असावं, हे मला मनापासून पटतं. एक घ्या. निघेल तेव्हा, टांकसाळ चालवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडेल तेव्हा, त्यांच्या छापील किमतीत. मुलीसाठी एक, मुलासाठी एक हवं तर तीन घ्या. ती खरेदी हौसेच्या खात्यात लिहा.

आता ती "पेन्शन स्कीम". तुम्ही सोबत पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. ती पेन्शन स्कीम नाही. ती विमा पॉलिसी आहे. वर्षाला 3 लाख, दहा वर्षं. मग दोन वर्षं काही नाही. मग दहा वर्षं दर वर्षी 5 लाख 40 हजार. बँकेतल्या मॅडमनी तुम्हाला सांगितलं, "तीस लाख भरा, त्यावर दर वर्षी 18 टक्के हमखास मिळतील." 5.4 भागिले 30, आले 18 टक्के. भागाकार बरोबर आहे आणि सांगितलेलं साफ खोटं आहे. कारण त्या 18 टक्क्यांत तुमचं स्वतःचं मुद्दलच परत येतं, शेवटी वेगळं काही मिळत नाही.

खरा हिशेब तुमच्या मुलीलाही जमेल. पहिला हप्ता भरलात, त्यानंतर बारा वर्षांनी पहिले 5.4 लाख आले. दुसऱ्या हप्त्यानंतर बारा वर्षांनी दुसरे. दहाही हप्त्यांचं तसंच. म्हणजे 3 लाखांचे बारा वर्षांत 5.4 लाख. सहा टक्क्यांनी पैसे बारा वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे 6 लाख. इथे दुप्पटही नाहीत. पडतात जेमतेम 5 टक्के. ज्या एफडीला तुम्ही "व्याज काहीच नाही" म्हणता, ती याहून बरी आहे आणि हवी तेव्हा मोडता तरी येते.

पण परतावा कमी, हे दुखणं दुय्यम आहे. हा हप्ता तुम्हाला झेपतच नाही. महिन्याला तुमचे 12,000 शिल्लक राहतात, वर्षाचे दीड लाख धरू. हप्ता 3 लाख. दर वर्षी दीड लाख कमी पडणार, ते एफडीतून जाणार, आणि अजून आठ हप्ते आहेत. व्याज धरूनही आठवा भरेपर्यंत 9 लाख संपतात. अडीच लाखांची नाणी घेतलीत तर पाच वर्षांतच. यात मुलीच्या कॉलेजचा एक रुपया धरलेला नाही आणि ती दोन वर्षांत बारावी होईल. आजारपण नाही, खोलीचं गळणारं छत नाही, नोकरी सुटली तर काय हेही नाही. ज्या माणसाचं उत्पन्न 58,000 आहे, त्याच्या गळ्यात 25,000 महिन्याची बांधिलकी दहा वर्षांसाठी बांधताना त्या टेबलापलीकडच्या व्यक्तीने हा साधा हिशेब केला नसेल, हे मी मानत नाही. फौजेतून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या खात्यात एकरकमी पैसे पडले की दुसऱ्या दिवशी फोन येतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्याचा संताप येतो. वीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर जीव टाकायची सवय झालेली माणसं समोरच्यावर विश्वास ठेवतात, आणि त्याचाच फायदा घेतला जातो.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर 30 दिवसांची मुदत असते, म्हणजे हाती साधारण तीन महिने आहेत. या आठवड्यात विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा. बँकेकडून तोंडी नको. एक, आज पॉलिसी सोडली तर हाती किती. दोन, ती पेड-अप केली, म्हणजे पुढे काहीही न भरता कमी लाभांसह तशीच चालू ठेवली, तर केव्हा किती. पॉलिसी 1 ऑक्टोबर 2024 नंतरची असेल तर नव्या नियमांमुळे सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मधेच सोडल्यावर मिळणारी, रक्कम पूर्वीपेक्षा बरी मिळायला हवी.

निवड कशी करायची? दहापैकी दोन हप्ते भरले, तर पेड-अप लाभही साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे 54 पैकी 10-11 लाख, तेही सरासरी साडेचौदा वर्षांनी. सात टक्क्यांनी तेवढ्या काळात पैसे पावणेतीन पटीच्या आसपास जातात. म्हणजे आज 4 लाख किंवा जास्त परत मिळत असतील तर सरळ घ्या. बरेच कमी मिळत असतील तर पेड-अप करून विसरून जा. दोन्हींत नुकसान आहे, मी ते लपवत नाही. पण सहा लाखांतले दोन बुडण्याची भीती वाटून आणखी 24 लाख त्याच खड्ड्यात टाकायचे नाहीत.

सोबत कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या: पेन्शन योजना म्हणून विकली, 18 टक्के सांगितले. मॅडमनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला तो तक्ता तुमच्याकडे असल्याचं लिहिलं आहे, तो डिलीट करू नका, प्रिंट काढा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय मुंबईतच आहे, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं म्हणत नाही, पॉलिसी देताना विमा कंपनीने केलेल्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला "हो" म्हटलं असेल तर ते तुमच्या विरुद्ध काढतील. तरी तक्ता लेखी आहे, प्रयत्न करण्यासारखा आहे.

एक खबरदारी. या पॉलिसीत 30 लाखांचं विमा कवच आहे, ती सोडण्याआधी टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा, हातात हवा. तुमच्या वयाला एक कोटीचा साधारण 20-25 हजारांत वर्षाला मिळेल. तुमच्यामागे वहिनींना फॅमिली पेन्शन मिळेल, पण ती तुमच्या पगाराची जागा भरून काढणार नाही. दलाच्या ग्रुप इन्शुरन्सचं निवृत्तीनंतरचं कवच घेतलं होतंत का, ते डिस्चार्जच्या कागदांत पाहा. आरोग्य विमा मात्र नको. तुम्ही ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे सदस्य आहात, पत्नी आणि मुलं त्यात आहेत. त्याच बँकेने सुचवलेली 28,000 ची मेडिक्लेम तुम्ही अजून घेतली नाही, ते बरं झालं.

एफडीतले 4 लाख अडीअडचणीसाठी तसेच ठेवा. उरलेले 5 मुलीच्या शिक्षणाचे, तेही एफडीतच, दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात पाठवायचा नाही. महिन्याच्या 12,000 मधून टर्मचा हप्ता काढून बाकी 10,000 ची इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या फंडात, एसआयपी, मुलासाठी आणि तुमच्या म्हातारपणासाठी. निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे घेऊन पेन्शनचा विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो, तेव्हा पेन्शन आपोआप वाढेल. आणि सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना इतरांना साधारणपणे साठीला मिळते, सैन्यातून निवृत्त झालेल्यांना पन्नाशीला. तुम्हाला नऊ वर्षांनी. खरी "पेन्शन स्कीम" ती आहे, आणि ती विकायला कोणी फोन करणार नाही, कारण विमा पॉलिसीसारखं घसघशीत कमिशन तिच्यात नाही.

व्यापाऱ्याला बुकिंगचे काही पैसे दिले असतील तर पावती घेऊन उद्याच परत मागा. आणि कंपनीकडून ते दोन आकडे आले की हप्त्याची तारीख उलटायच्या आत मला कळवा, सही करण्याआधी आपण एकदा एकत्र पाहू.