बाग, दिवे आणि घरपट्टी : नव्या मुख्याधिकाऱ्यास पत्र

नागपूर

सप्रेम नमस्कार.

आपल्याच जिल्ह्यातील एका ‘क’ वर्ग (म्हणजे लहान शहराच्या) नगर परिषदेत मुख्याधिकारी म्हणून रुजू होत असल्याचे तुम्ही कळवलेत, आणि पहिले काम म्हणून एका मोठ्या उद्यानाचा प्रस्ताव मनात असल्याचेही लिहिलेत. प्रस्ताव जरूर करा. मात्र त्याआधी मालमत्ता कराच्या मागणी-वसुलीचा तक्ता आणि पथदिव्यांची वर्षभराची वीजबिले लेखापालांकडून मागवून स्वतः वाचा.

उद्यान बांधण्यासाठी पैसा मिळतो. राज्याच्या योजना आहेत, जिल्हा नियोजन समिती आहे, आमदार निधी आहे, आणि कोनशिलेला कोणाचाच विरोध नसतो. पण माळी, पहारेकरी, पाणी आणि वीज यांचा खर्च दरमहा येतो आणि तो बहुतांशी स्वनिधीतूनच, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच, भागवावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील अनुदानातही तुमच्यासारख्या शहरांचा 60 टक्के वाटा पाणीपुरवठा व स्वच्छतेशी बांधलेला होता. उरलेल्यावर प्रत्येक विभागाचा डोळा असतो. म्हणजे बागेचा खरा जमाखर्च घरपट्टीच्या वसुलीवर ठरतो. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते आणि ती माफ करणाऱ्या अभय योजनेची मागणी तुमच्याकडे हमखास येईल. माझे मत विचाराल तर तिच्या वाटेला जाऊ नका, कारण वेळेवर कर भरणाऱ्याला त्यातून चुकीचा धडा मिळतो.

आता सुरक्षिततेविषयी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि सायंकाळी सहापर्यंत बागेत चिटपाखरू नसते. माणसे येतात ती दिवेलागणीनंतर, लेकरांना घेऊन. विदर्भातील बाग उन्हाळ्यात रात्रीचीच जागा असते, आणि म्हणून तेथील दिवा ही शोभा नसून सुरक्षेची पहिली व्यवस्था आहे. रात्री आठ वाजता वायरमनला सोबत घेऊन एक फेरी मारा. खांबाच्या बुडाशी असलेल्या जोडपेटीचे झाकण जागेवर आहे की नुसती चिकटपट्टी गुंडाळली आहे, अर्थिंगची तार कापली गेलेली तर नाही, हे पहिल्या पावसाआधी पाहायला हवे. झोपाळ्याची साखळी सगळे पाहतात. पण ती झिजते वरच्या कडीपाशी, जिथे लोखंड लोखंडावर घासते, आणि तेवढ्यासाठी शिडी लावून वर चढायला कोणी तयार नसतो. तुम्ही चढवा, आणि तपासणीची तारीख व सही नोंदवहीत घ्या.

सीसीटीव्हीचा प्रस्ताव आला तर पुढील वर्षांच्या देखभालीचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातील खर्चाच्या सदरातून) देणार, एवढे टिपणीत लिहून घ्या. पोलीस तुमच्या अखत्यारीत नाहीत. परंतु बंद दिव्यांची यादी आणि ते सुरू होण्याची तारीख ठाणेदारांना नियमित कळवत राहिलात, तर गस्त कुठे वाढवायची हे त्यांनाही ठरवता येते.

हिरवळीच्या मोहात पडू नका. कंत्राटदाराचे देयक निघेपर्यंत ती हिरवी असते आणि एप्रिलात टँकर मागते. कडुनिंब, करंज यांसारखी सावली देणारी झाडे लावा आणि पहिली दोन-तीन वर्षे त्यांना पाणी मिळेल अशी तरतूद ठेवा.

मोठ्या उद्यानाऐवजी ले-आऊटमधील, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वस्त्यांमधील, मोकळ्या जागांकडे आधी पाहावे, असे मला वाटते. 0.4 हेक्टरपेक्षा मोठ्या अभिन्यासात (ले-आऊटमध्ये) 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कागदावर असते, प्रत्यक्षात तिथे कोणाचे तरी गिट्टी-रेतीचे ढीग, कोणाचा गोठा आणि कालांतराने एखादा चौथरा उभा राहतो. अशा जागांची मोजणी करून घ्या, अभिलेखात त्यांची नोंद तपासा, तारेचे कुंपण घाला. चार झाडे, दोन बाक आणि एक पेटता दिवा असलेली घराजवळची जागा म्हातारी माणसे रोज वापरतात, आणि शेजारचेच लोक तिच्यावर लक्षही ठेवतात. गावाबाहेरच्या भव्य उद्यानाला ही राखण फुकटात मिळत नाही.

अंदाजपत्रक मांडताना उद्यानांची देखभाल आणि विद्युत दुरुस्ती ही लेखाशीर्षे वेगळी ठेवा, आणि मार्चअखेर त्यांतील रक्कम दुसरीकडे वळवण्याचा आग्रह झाला तर आपले मत धारिकेवर (फाइलवर) लेखी नोंदवा. मसुदा तयार झाला की एक प्रत मला पाठवा. देखभालीचे पान मी आधी वाचीन.

आपला,
एक सेवानिवृत्त मुख्याधिकारी