अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या निकालाची वाट बघताना जीव टांगणीला लागलाय. काय करू?

प्रश्न: मी खानापूरची, दुसऱ्या पीयूसी सायन्सला (म्हणजे बारावीला) आहे. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांना अर्ज केलेत. एकाने डिसेंबरमध्ये निर्णय मार्चवर ढकलला, बाकीचे मार्चमध्येच कळवणार. दिवसभर पोर्टल उघडून बघते, अभ्यास होत नाही, घरी-दारी सगळे विचारतात. ही वाट बघायची कशी?

उत्तर:

मी बेळगावात पीयू कॉलेजला फिजिक्स शिकवते. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत समुपदेशक नसतो. त्यामुळे परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांची शिफारसपत्रं, कॉमन ॲप या अर्ज भरायच्या वेबसाइटवरचा शाळेचा अहवाल, मिड-टर्मचे गुण पाठवणं, हे सगळं माझ्याकडे येतं. तू माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची, म्हणून अगं-तुगं करते.

तुला भीती नकाराची वाटतेय. मला तुझ्यासाठी काळजी वाटते ती वेगळ्याच निकालाची: प्रवेश मिळाला आणि आर्थिक मदत मिळाली नाही. नकार आला तर चार दिवस रडशील आणि पुढच्या कामाला लागशील. पण प्रवेशाचं पत्र आलं आणि खाली वर्षाचा खर्च लिहिलेला असला की अख्खं घर ढवळून निघतं. तिथल्या मोठ्या खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासकट वर्षाला 80 ते 90 हजार डॉलर लागतात. आपल्या हिशेबात 70 लाखांच्या घरात किंवा त्याहून वर, आणि अशी चार वर्षं.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी हेच झालं. तुमच्याच तालुक्यातलं शेतकरी कुटुंब, भाताची जमीन. मुलाला फार चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला, मदत शून्य. दुसऱ्याच दिवशी सकाळी वडील जमिनीचा उतारा काढायला निघाले. आजी म्हणाली, विका पण पोराला पाठवा. काकांनी वाटणीचा विषय काढला. मुलगा गप्प, आई त्याहून गप्प. शेवटी थोरल्या बहिणीने वहीत आकडे मांडले: सगळी जमीन विकली असती तरी दुसऱ्या वर्षाची फी निघत नव्हती. त्याने जागा नाकारली. जी बातमी पेढे वाटून सांगायची, ती त्या घरात कुणाला धड तोंडावरही आणता आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. प्रवेश त्याने स्वतःच्या अकलेवर मिळवला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पत्र यायच्या आधी, या आठवड्यातच, आई-बाबांसोबत बस. घरातून वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे निघू शकतात तो आकडा ठरवा आणि लिहून ठेवा. जमीन आणि दागिने यांना हात लावायचा की नाही, हे आत्ताच बोला. कर्ज काढायचं तर किती, तेही. त्या आकड्यावर गेलेला प्रवेश घ्यायचा नाही, हे तिघांनी मान्य करा. हे बोलणं अवघड आहे, मला माहीत आहे. पण पत्र हातात आल्यावर ते दसपट अवघड होतं, कारण तेव्हा नाही म्हणणारा माणूस घरात खलनायक ठरतो.

पैशाचा आणि निर्णयाचा संबंधही समजून घे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून त्याच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने बघत नाहीत, आणि घेतलं तर गरजेएवढी मदत देतात. स्टॅनफर्ड, कॉर्नेलसह बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलांसाठी मदतीचा निधी मर्यादित असतो आणि तुला किती द्यावं लागेल हे निवडीतच मोजलं जातं. म्हणजे तिथून आलेला नकार कदाचित त्यांच्या तिजोरीचा असेल. आणि जिथे पैशाचा प्रश्न नसतो तिथे जागांचा असतो. 2024 मध्ये हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले, घेतले 1,937. राहिलेल्या 52 हजारांत तिथे सहज शिकू शकणारी हजारो मुलं होती. नकार आला तर तुझी फिजिक्स कच्ची आहे असा त्याचा अर्थ लावू नकोस गं.

आता पोर्टल. बघूच नकोस असं मी म्हणणार नाही, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मदत विभाग जादा कागद मागतो आणि ते वेळेत गेले नाहीत तर मदतीचा अर्ज अर्धवट राहतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर विवरण नसतं, मग ते पुरावा मागतात. नाडकचेरीतून (महसूल कार्यालयातून) मिळणारा उत्पन्नाचा दाखला बहुधा कन्नडमध्ये असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून आत्ताच तयार ठेव. बाबांचं बँक पासबुकही स्कॅन करून ठेव. ईमेल रोज एकदा बघ, स्पॅमसकट. पोर्टल आठवड्यातून एकदा, रविवारी, फक्त काही कागद राहिलाय का एवढ्यासाठी. निर्णय कधी येणार ते विद्यापीठ आधी कळवतं, त्याआधी तो पोर्टलवर उगवत नाही.

डिसेंबरमध्ये ज्यांनी पुढे ढकललं त्यांनी तुला नाकारलेलं नाही, मार्चच्या गठ्ठ्यात तुझा अर्ज पुन्हा वाचला जाईल. तुझे मिड-टर्मचे गुण त्यांना गेले का, एवढं कॉलेजात विचार. सोबत नवीन काही घडलं असेल तर एक छोटं पत्र. रोज मेल करू नकोस.

निकालाच्या वेळा आपल्यासाठी वाईट असतात. एमआयटी 14 मार्चला, तिथल्या संध्याकाळी 6:28 ला जाहीर करते (गणितातल्या पायचा, म्हणजे 3.14 चा दिवस आणि दोन पायची, 6.28 ची वेळ, आम्हा फिजिक्सवाल्यांना आवडणारी गोष्ट). तेव्हा आपल्याकडे 15 तारखेची पहाट, 3:58. हार्वर्ड-येलसह 'आयव्ही लीग' या गटातली आठ जुनी विद्यापीठं गेल्या काही वर्षांत मार्चअखेर एकाच संध्याकाळी सातला जाहीर करतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. आणि मार्च म्हणजे तुझी पीयूसीची परीक्षा. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर रात्री फोन आईकडे दे आणि झोप. पेपर देऊन ये, जेव, मग उघड. पत्र तिथेच असतं, उशिरा बघितलं म्हणून बदलत नाही. प्रवेश मिळाला तरी अंतिम गुणपत्रिका मागतात आणि गुण फारच घसरले असले तर दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतात, म्हणून मार्चमध्ये अभ्यास सोडून चालणार नाही.

याच महिन्यांत इथल्या परीक्षांचे अर्ज सुटतात आणि वाट बघण्यात गुंतलेली मुलं नेमकी ते भरायला विसरतात. केसीईटी आणि कॉमेडके या कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा भरच. फिजिक्सची खरी ओढ असेल तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, भर. बेंगळुरूच्या आयआयएससीच्या बीएस रिसर्च या पदवीलाही तिचे गुण चालतात. आणि आपल्या भागातल्या पुष्कळ घरांना माहीत नसलेली एक वाट आहे: महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या नियमांत सीमाभागात दहावी किंवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा 'ई' प्रकार आहे. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि मातृभाषेचा व सीमाभागातल्या रहिवासाचा दाखला लागतो. दाखला हातात यायला वेळ लागतो, तेवढं लक्षात ठेव. अमेरिकेत पुढे डॉक्टरेटला सायन्समध्ये बहुतेक चांगल्या विद्यापीठांत फी माफ होते आणि वर खर्चाला पैसे मिळतात, त्यामुळे आयसरमधून निघालेली मुलंही तिथे पोचतात.

"काय गं, अमेरिकेचं काय होऊलालंय?" असं विचारणाऱ्या मावश्या-काकांना घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं: पीयूसीचा निकाल लागला की सांगू. निकालाची तारीख आई-बाबांशिवाय कुणाला सांगू नकोस. त्यांची काळजी खरी असते, पण दहा जणांची काळजी तू एकटी वाहू शकत नाहीस.

प्रतीक्षा यादीत नाव आलं तर यायची इच्छा आहे असं एकदाच स्पष्ट कळव आणि तिच्यावर विसंबू नकोस. परदेशी आणि मदत मागणाऱ्या मुलांना तिथून क्वचितच जागा मिळते. 1 मेपर्यंत जिथे प्रवेश आणि पैसे दोन्ही आहेत तिथे होकार कळव. मार्चअखेर तसं एकही ठिकाण दिसलं नाही तर घरी ठरवलेला आकडा काढून बघ आणि केसीईटी, आयएटीच्या तयारीला लाग.