ओठ न मिटवता

प्रश्न : एका फ्रेंच कवीने फक्त अकरा अक्षरांत कविता केल्या, असं परवा कळलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. पण ही कविता की कोडं? आणि मराठीत जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तो जॉर्ज पेरेक. १९७४ सालचं त्याचं ‘उल्सेरास्यों’ तुमच्या कानावर आलं असणार. फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त लागणारी अकरा अक्षरं त्याने घेतली. ती एकेकदा मांडली की हाच शब्द होतो. अकराही वापरून झाल्याशिवाय एकही अक्षर पुन्हा घ्यायचं नाही, हा नियम. आधी अक्षरं चौकटीत भरायची, मग शब्द सुटे करायचे.

कोडं म्हणाल, तर त्याची १९६९ची कादंबरी बघा. तीनशेएक पानांत रोमन ‘ई’ कुठेही नाही. त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये ‘मॅर’ आणि ‘पॅर’, म्हणजे आई आणि वडील, लिहिता येत नाहीत. पेरेकचे वडील १९४०मध्ये युद्धात गेले, आईला १९४३मध्ये आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेलं. हे कळल्यावर मी त्या कादंबरीला खेळ म्हणणं सोडलं.

आपल्याकडेही हे जुनंच. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीच्या दातांनी दुखावलेले, म्हणून तो आपली सगळी हकिगत ओष्ठ्य वर्ण, म्हणजे ओठांनी उच्चारायची अक्षरं, टाळून सांगतो. मोरोपंतांनी तर निरोष्ठ रामायण रचलं. ‘राम’ म्हणताच ओठ मिटतात, आणि पंतांना सांगायची होती रामाचीच कथा! संस्कृत कवी भारवीचा जवळजवळ एकट्या ‘न’वर उभा केलेला श्लोक वाचून मात्र मी थक्क होते, पण तो आत लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात मीही असं ओठ न मिटवता लिहायला बसले. प, फ, ब, भ, म, व बाद. उ, ओसुद्धा बाद. ओठांत पेन्सिल आडवी धरून एकेक शब्द म्हणून पाहिला. दुपारभरात तीन ओळी झाल्या :

रात्र सरत आली, आई जागीच.
चाळणीत तांदळाच्या कण्या,
कान दाराशी.

माय, बाप, भाऊ, बहीण सगळे गेले; आई तेवढी राहिली. ‘मी’सुद्धा गेलं. मला लिहायचं होतं, ‘माझी वाट पाहतेय’. त्यातला एकही शब्द चालेना. तासभर अडून बसले, तेव्हा ‘कान दाराशी’ आलं. मोकळेपणी लिहिताना ते मला सुचलं नसतं.

मराठीत अकरा अक्षरं मोजायला बसू नका, काना-मात्रांत हिशेब बिघडतो. व्यंजनं ठरवून घ्या, स्वर मोकळे सोडा. पेरेक स्नेह्यांसाठी त्यांच्या नावातल्याच अक्षरांच्या कविता करायचा. तुम्हीही घरातल्या कुणाचं नाव घ्या. समजा, सरला. स, र, ल एवढ्यावर ओसरी, आरसा, ओल, सल लगेच हाताला लागतात. पुढच्या ओळी जुळल्या की मला नक्की पाठवा.