महागडा हेडफोन 10 वर्षं टिकतो का? घेताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात घरून काम करता, रोज 5-6 तास हेडफोन कानावर असतो, 35-40 हजार घालायची तयारी आहे, पण एवढे पैसे घातल्यावर तो 10 वर्षं चालायला हवा. आणि मग प्लास्टिकचा नको, धातूचाच घ्यावा का?

10 वर्षं चालतो, पण आख्खा चालत नाही. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा पडदा-चुंबकाचा भाग, आणि सांगाडा टिकतो. कानावरच्या गाद्या, केबल आणि हेडबँडखालचा फोम या काळात बदलावेच लागतात, काही तर चार ते सहा वेळा. म्हणून धातू की प्लास्टिक हे मी शेवटी बघेन. आधी बघेन की हा हेडफोन उघडतो कसा आणि त्याचे सुटे भाग काय भावाने मिळतात.

उदाहरण म्हणून सेनहायझरचा एचडी 600 बघा. 1997 पासून विकला जातो. जवळजवळ सगळा प्लास्टिकचा, वजन 260 ग्रॅम. पहिल्यांदा हातात घेतला की ‘एवढ्या पैशांत हे?’ असंच वाटतं. पण त्याच्या केबलच्या टोकाला दोन पिना आहेत, एक जाड, एक बारीक, म्हणजे उलट बसायलाच नकोत. त्या पिना कपातून, म्हणजे कान झाकणाऱ्या वाटीतून, थेट ड्रायव्हरच्या सॉकेटमध्ये जातात, मध्ये सोल्डरचा सांधाच नाही. केबल, बाहेरची जाळी, गादी, फोमची चकती, इतकंच काय ड्रायव्हरसुद्धा स्क्रूड्रायव्हर न लावता हातानं निघतो. सोनीचा एमडीआर-सीडी900एसटी हा 1989 चा, जपानी स्टुडिओंतला नेहमीचा हेडफोन. त्याचा तर एकेक भाग सुटा विकत मिळतो. जुने नग अजून कामाला लागलेले दिसतात त्याचं कारण हे आहे. प्लास्टिक चांगलं होतं हे खरं, पण तुटलेला भाग बदलता येतो हे जास्त खरं.

धातूचं म्हणाल तर तो वजन घेऊन येतो. हायफायमनचा सुंदरा 372 ग्रॅम, फोकलचा युटोपिया कार्बन फायबरच्या कमानी असूनही 490 ग्रॅम. टेबलावरून पडला की जड हेडफोनचा सगळा धक्का एका ठिकाणी बसतो, तो म्हणजे कप धरणाऱ्या कमानीचा स्क्रू किंवा उंची कमी-जास्त करायची पट्टी. बाहेरून ॲल्युमिनियम चमकत असतं आणि आत तोच स्क्रू साध्या प्लास्टिकच्या भोकात आवळलेला असतो. तडा जातो तो तिथे. कमान धातूची हवीच, पण ती ज्या बिजागरीत बसते तीही धातूची आहे का ते बघा, नाहीतर नुसती शोभा.

आता गाद्या, म्हणजे इअरपॅड. तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त खर्च इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘प्रोटीन लेदर’, ‘व्हीगन लेदर’ अशी नावं असली तरी आपल्या भाषेत ते रेक्झिनच: कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. या पॉलियुरेथेनला ओल आणि उष्णता दोन्ही मिळाली की त्याच्या साखळ्या पाण्यामुळे तुटत जातात. आधी पृष्ठभाग चिकट लागतो, मग बारीक भेगा, आणि एक दिवस कानावर काळे पापुद्रे. हे वापरामुळेच होतं असं नाही, डबीत ठेवलेल्या गादीचंही होतं. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळाभर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे असते, त्यामुळे कोरड्या थंड देशातल्या माणसानं लिहिलेला ‘4 वर्षं टिकल्या’ हा अनुभव इथे लावू नका. रोज 5-6 तास वापरात रेक्झिनच्या गाद्यांना मी दीड-दोन वर्षं धरेन. पुण्या-नाशकात थोडी जास्त.

वेलूरच्या, म्हणजे मखमली गाद्यांना हा रोग नाही. त्या फक्त चेपतात आणि कळकट होतात. चेपलेली गादी म्हणजे ड्रायव्हर कानाच्या जवळ आला, आवाजाचा तोल बदलला. ‘हेडफोन जुना होऊन कर्कश झाला’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा ड्रायव्हर ठणठणीत असतो, गादी बसलेली असते. वेलूरची गादी काढून कोमट पाण्यात सौम्य साबणानं दाबून दाबून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा. अर्धवट ओली बसवली तर आतल्या फोमला बुरशी धरते.

गादी काढायची रीत प्रत्येकाची वेगळी. एचडी 600 च्या गादीला प्लास्टिकची कडी असते, कडेला बोटं घालून ओढली की सुटते आणि नवी बसवताना चहूकडून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. बायरडायनॅमिकच्या गादीला मागे कापडाची ओठासारखी कड असते. ती एका बाजूनं खाचेत अडकवून गादी गोल फिरवत न्यायची, नखं लावून ओढायची नाही. काही जड प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनच्या गाद्या दुहेरी टेपनं चिकटवलेल्या असतात. त्या बदलायला अर्धा तास हाताशी ठेवा, आणि जुना डिंक काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घ्या, थेट कपावर ओतू नका.

दोन गोष्टी आपल्याकडच्या खास. एक, खोबरेल तेल. तेल लावलेल्या केसांवर हेडफोन घातला की हेडबँडचं रेक्झिन मऊ पडून सुटायला लागतं आणि वेलूर कायमचं चिकट होतं. तेल लावायच्या दिवशी डोक्याला सुती रुमाल बांधा किंवा स्पीकरवर ऐका. दुसरी, सॅनिटायझर. गाद्या त्यानं पुसायची सवय करोनात अनेकांना लागली. अल्कोहोलनं रेक्झिन कडक होऊन लवकर फुटतं. ओलसर कापड, मग कोरडं कापड, इतकंच पुरे.

आणि तो कडक, हवाबंद डबा. घामेजलेला हेडफोन लगेच डब्यात घालून झाकण लावलं की आत बुरशीची शेतीच. वापरून झाल्यावर किमान अर्धा तास उघड्यावर राहू द्या. पावसाळ्यात डब्यात 50 ग्रॅमची सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलणारी. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येतात. कॅमेऱ्यासाठी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घरात असेल तर आर्द्रता 45-50 टक्क्यांवर ठेवून त्यातच हेडफोन ठेवा. लाकडी कप असतील तर त्याहून कोरडं नको, लाकूड तडकतं. स्टॅक्ससारखा इलेक्ट्रोस्टॅटिक (विजेच्या दाबानं पडदा हलवणारा) हेडफोन घ्यायचा विचार कधी झालाच, तर ड्राय कॅबिनेटचे पैसे किमतीतच धरा. त्याच्या पडद्यावर 580 व्होल्टचा दाब असतो; ओल आणि धूळ एकत्र आली की चरचर येते किंवा एका बाजूचा आवाज उतरतो.

केबलकडे येऊ. ती सुटी होणारी हवी, यात मी तडजोड करणार नाही, एकच अपवाद सोडून: घरात सोल्डरिंग जमणारं कुणी असेल तर. बायरडायनॅमिकचे डीटी 770 प्रो आणि 990 प्रो सांगाड्यानं दणकट आहेत, स्प्रिंग स्टीलची पट्टी आहे, आत हात घालता येतो, पण केबल डाव्या कपात कायमची जोडलेली. त्यांच्याच डीटी 1770 प्रो आणि 1990 प्रोला खटका असलेला मिनी एक्सएलआर नावाचा सुटा होणारा जोड आहे, ओढ बसली तरी ढिला होत नाही. जोडणीच्या प्रकारांत माझ्या मते मिनी एक्सएलआर पहिला, मग 3.5 मिलिमीटर, आणि 2.5 मिलिमीटर सगळ्यात नाजूक. त्याची पिन वाकते.

एकाच कपात केबल जात असेल तर दुसऱ्या कपाकडे जाणारी बारीक तार हेडबँडमधून जाते. कप आणि पट्टी यांच्यामध्ये ती उघडी दिसते. दुकानात दोन्ही पट्ट्या शेवटच्या खाचेपर्यंत ओढा आणि ती तार बघा: ढिली, किंचित वळलेली असेल तर ठीक, घट्ट ताणलेली असेल तर तो हेडफोन परत द्या. 3-4 वर्षांनी उजवी बाजू बंद पडते ती इथे.

एक बाजू गेली की घाबरून सर्व्हिस सेंटरला धाव घेऊ नका. दोन्ही कपांना वेगळी केबल असेल तर दोन टोकांची अदलाबदल करा. बिघाड बाजू बदलला तर केबल, नाही बदलला तर सॉकेट किंवा ड्रायव्हर. मग मल्टिमीटर रेझिस्टन्सवर लावा, हेडफोन कानावरून काढून. जॅकच्या टोकापासून मुळापर्यंत डावी बाजू, मधल्या कड्यापासून मुळापर्यंत उजवी. दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एचडी 600 ला 300 च्या आसपास, बऱ्याच प्लॅनरना 20 ते 60 ओहम. आकडा बघत बघत केबल जॅकजवळ हळू वाकवा. आकडा उड्या मारायला लागला की तुटलेली जागा सापडली, आणि ती बहुधा जॅकपासून 2-3 सेंटीमीटरच्या आतच असते. तेवढा तुकडा कापून नवा जॅक लावा. आतल्या तारांवर लाखेचा रंगीत थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही: फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारी पेस्ट) लावा, सोल्डरिंग आयर्न 380 अंशांवर, टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तार त्यात 2-3 सेकंद बुडवा. चाकूनं खरवडायला जाल तर तार तुटेल. रंगावर विश्वास ठेवू नका, कुठली तार कुठली ते मीटरनंच ठरवा.

कप उघडावा लागलाच तर प्लास्टिकमधल्या स्क्रूची एक युक्ती. परत बसवताना आधी स्क्रू उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो ‘टक’ करून खाली पडतो, मग सरळ फिरवा, तोही दोन बोटांच्या जोरानं. थेट आवळलात तर नवे आटे पडतात, आणि तिसऱ्यांदा उघडल्यावर स्क्रू नुसता गरगर फिरतो. ड्रायव्हरजवळ स्टीलचा चिमटा नेऊ नका. लोहचुंबक तो हातातून हिसकावून घेतो आणि टोक थेट पडद्यात.

गुरगुर ऐकू आली की लोक म्हणतात ड्रायव्हर गेला. आधी केस बघा. डोक्यावरचा एक बारीक केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकला तरी खर्जाच्या सुरांवर तस्साच आवाज येतो. हळू आवाजात 20 ते 200 हर्ट्झचा चढता सूर लावा, कुठे खरखरतं ते कळेल. गादी आणि फोमची चकती काढून कॅमेऱ्याच्या रबरी फुग्यानं हवा मारा. व्हॅक्यूम क्लीनर नको, तो पडदाच ओढतो. प्लॅनर हेडफोन कानावर थपकन दाबू नका. आत कोंडलेल्या हवेनं पातळ पडद्याला सुरकुती पडू शकते.

वायरलेसबद्दल थोडंच. कितीही महाग असला तरी त्याचं आयुष्य बॅटरीचं आयुष्य. 300-500 पूर्ण चार्जिंगनंतर क्षमता 80 टक्क्यांच्या आसपास येते, आणि बॅटरी आत चिकटवलेली असेल तर 10 वर्षांचा प्रश्नच मिटला. युरोपियन युनियनमध्ये 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला काढता येण्याजोगी असावी असा नियम लागू होतोय; त्यानंतरची मॉडेलं वेगळी निघतील. घरून काम असेल तर आज तरी तारेचाच घ्या आणि मायक्रोफोन वेगळा.

पैसे भरण्याआधी गाद्या, केबल आणि हेडबँडची पट्टी यांच्या सुट्या किमती भारतात शोधा. गाद्यांची जोडी कुठेच सापडत नसेल, तर तो हेडफोन दीड-दोन वर्षांचाच समजा. बिल भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं घ्या. बाहेरून आणलेल्या नगावर इथली वॉरंटी सहसा चालत नाही. वेलूरच्या गाद्या असतील तर एक जादा जोडी आताच मागवून ठेवा. रेक्झिनच्या मात्र साठवू नका, कपाटातच कुजतील.