शेळ्यांना तुरीचं भुसकट, पेंड, उसाचं वाढं असं शेतातलं उरलंसुरलं घातलं तर दूध बिघडतं का? ते दूध माणसाला चालतं का?

भुसकट, हरभऱ्याची गुळी, कडबा बिनधास्त घाला. आमच्या सोलापूरकडं उस्मानाबादी शेरडं यावरच जगत आलीत. मला बोलायचंय ते पेंडीबद्दल, कारण तिच्यावरून आमच्या घरात तीन वर्षं भांडण चालू आहे.

आधी कांद्याचं सांगते. भाव पडला तेव्हा थोरल्या भावजींनी मार्केट यार्डात नेलेला कांदा तसाच परत आणला आणि शेरडांपुढं ओतला. संध्याकाळी धार काढली तर चरवीतनंच भपकारा. चहा कुणाच्या घशाखाली उतरेना. सासूबाईंनी दूध ओतून दिलं, भावजींना घरभर बोलणी बसली. खरं तर त्या दुधानं कुणाला काही होणार नव्हतं, नुसता वास. धार काढून झाल्यावर बेतानं घातला असता तर एवढा आलाही नसता. (ढिगानं मात्र घालू नका, कांद्यानं जनावराचं रक्त कमी होतं.)

त्याच पावसाळ्यात पत्रा गळून शेंगदाणा पेंडीचं पोतं भिजलं. मी हात घातला तर आतनं गरम. एक खडा फोडला, तर मधे हिरवट-पिवळी भुकटी. म्हणलं, उकिरड्यात टाका. भावजी म्हणाले, "उन्हात वाळव की, शेरडाला काय कळतंय?" वाळवली, वरची बुरशी झटकली आणि आठवडाभर घातली. दूध पांढरंशुभ्र, चव तीच. सगळे आवडीनं प्यायले. मी पोरांना दिलं नाही, तर मीच अतिशहाणी ठरले.

त्या बुरशीतनं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. शेरडाच्या यकृतात त्याचं रूप पालटतं आणि त्यातला काही भाग दुधात उतरतो. ना पेंड वाळवून जात, ना दूध उकळून. आपल्याकडच्या नियमात किलोभर दुधात ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर ते चालत नाही, आता एवढंसं डोळ्याला काय दिसणार? थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं की यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो. भावजी अजून विचारतात, "कुणी मेलं का?" अहो, लगेच मरायला ते काय फवारणीचं औषध आहे?

वास आला की बोंब मारायची आणि विषाला वास नाही म्हणून गप्प बसायचं, हे मला पटत नाही. पेंड फळीवर ठेवा, भिंतीपासून लांब. पोतं भिजलं तर पैसे गेले म्हणायचं.

वाढ्याचं विचारलंत. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, जनावराला मिळू देत नाही, म्हणून नुसत्या वाढ्यावर दुभतं जनावर ठेवू नका. चुन्याची निवळी शिंपडा, सोबत खनिज मिश्रण द्या. चुनी, भरडा असला धान्या-डाळीचा खुराक एकदम वाढवलात तर पोट बिघडून दूधच आटेल.

आणि हो, चारा कितीही चांगला असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचं देऊ नका. त्यात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व, फार कमी असतं, बाळाचं रक्त कमी होतं. डेंग्यूत कच्चं पिणाऱ्यांनाही सांगते, त्यानं प्लेटलेट वाढतात याला आधार नाही, उलट कच्च्या दुधातनं ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप मात्र येऊ शकतो. उकळूनच प्या.