पू निघाला, मग रिपोर्टात ‘नो ग्रोथ’ कसं?

प्रश्न : मॅडम, गेल्या महिन्यात आमच्या ह्यांच्या खालच्या दाढेला गळू झालं. गाल इतका सुजला की तोंडात चमचा जाईना. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, तेव्हा खोलीभर घाण वास सुटला. कापसाच्या काडीवर घेतलेला तो पू मीच रिक्षाने लॅबमध्ये नेऊन दिला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ‘नो ग्रोथ’. तरी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल चालूच ठेवायला सांगितलं. जंतू नव्हतेच, तर दोन-दोन गोळ्या कशाला? आणि कोणतं औषध लागू पडेल ती यादी रिपोर्टात का नाही?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, जंतू होते. त्या वासानेच त्यांची ओळख दिली होती. पुण्यात एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी 31 वर्षं काढली. असा पू आला की बाटलीचं झाकण उघडताच कळायचं. हे अ‍ॅनारोब, म्हणजे ऑक्सिजन न सोसणारे जंतू. हिरड्यांच्या खाचांत त्यांची कायमची वस्ती असते. मोठ्या आतड्यात तर ते हवेत वाढणाऱ्या जंतूंच्या सुमारे हजारपट असतात. धायरीहून येताना कापसावर वारा लागला, त्यात बरेचसे मेले असणार. उरलेल्यांची प्लेट (जंतू वाढवायची खाद्य घातलेली बशी) साध्या हवेत ठेवली असेल, तर ते वाढायचे कुठून?

आम्ही त्यांच्यासाठी वेगळा जार ठेवायचो. आत प्लेटी रचायच्या, गॅसची पुडी टाकायची, झाकण आवळायचं. मेथिलीन ब्लूची निळी पट्टी पांढरी पडली की ऑक्सिजन संपला असं समजायचं. मग 37 अंशांवर निदान 48 तास जार उघडायचा नाही. एकदा सर्जनचे फोनवर फोन आले म्हणून मी तो 24 तासांतच उघडला आणि ‘काही वाढलं नाही’ असं कळवून टाकलं. चार दिवसांनी त्याच पेशंटचा पू सिरिंजमध्ये मागवला आणि बॅक्टेरॉइडीस फ्रॅजिलिस हा अ‍ॅनारोब भरभरून वाढला. त्या चार दिवसांची बोच अजून गेलेली नाही. म्हणूनच मला वाटतं, अ‍ॅनारोबिक कल्चर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय जंतू वाढवून पाहणं, केलं नसेल तर रिपोर्टात तसं स्पष्ट छापलंच पाहिजे.

आता यादीचं. एरवी प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून भोवतीचं जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मोजतात. सावकाश वाढणाऱ्या या जंतूंत ते वर्तुळ फसवतं. त्यामुळे औषधाचं प्रमाण वाढवत नेलेल्या प्लेटींची मालिका किंवा ई-टेस्टची पट्टी (जिच्यावर औषधाचं प्रमाण टोकापर्यंत वाढत जातं) लागते. युरोपच्या युकास्ट समितीने 2022 मध्ये काही ठरावीक अ‍ॅनारोबांसाठी चकत्यांची पद्धत बसवली, पण तिच्या प्लेटमधलं खाद्य आणि नियम वेगळे. हा खटाटोप प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, म्हणून डॉक्टर जंतूंच्या ठाऊक असलेल्या सवयींवरून औषध ठरवतात.

मेट्रोनिडाझोल ऑक्सिजन नसलेल्या पेशीतच जागं होतं आणि तिचा डीएनए तोडतं. ते मुळात ट्रायकोमोनास या परजीवीवरचं औषध. 1962 मध्ये लंडनच्या एका दंतवैद्याच्या लक्षात आलं, की त्यासाठी ते घेणाऱ्या बाईच्या चिघळलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या. पण दाढेच्या गळवात सोबत असलेल्या स्ट्रेप्टोकोकसला ते शिवतही नाही, त्याच्यासाठी अमॉक्सिसिलिन. तेच अमॉक्सिसिलिन क्लॅव्युलॅनेटसोबत (जंतूंचं औषध मोडणारं हत्यार बोथट करणारी जोड) दिलं असेल, तर मेट्रोनिडाझोलची बहुधा गरज नसते, हे डॉक्टरांना जरूर विचारा. जेंटामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची गोष्ट उलटी : पेशीत शिरायलाच त्याला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, म्हणून अ‍ॅनारोबांवर ते चालत नाही.

पुन्हा वेळ आलीच तर पू सिरिंजमध्ये ओढून, हवा काढून, टोपी लावून द्यायला सांगा. फ्रिजमध्ये ठेवू नका. फॉर्मवर ‘अ‍ॅनारोबिक कल्चर’ लिहून घ्या आणि ते तिथे होतं का, हे निघण्याआधी लॅबला फोन करून विचारा. दाढेचं रूट कॅनाल झालं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. राहिलं असेल तर याच आठवड्यात करून घ्या. जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, गिळताना अडलं, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री त्यांना कॅज्युअल्टीत न्या.